घड्याळाखालची ओळ

हे मी कोणालाच सांगितलेलं नाही. सहा वर्षं झाली – सांगायला बसलो की विषय बदलतो. आज तुम्हाला सांगतो. मध्येच अडखळलो तर अडखळू द्या.

पत्नी गेल्यावर जळगावच्या घरात मी एकटाच. वेळ जाईना म्हणून व्हिडिओ बघून कोडिंग शिकलो, ब्राउझरमध्ये चालणारं घड्याळ करायला घेतलं. काटे फिरले, पण काहीतरी खटकत होतं. धुळ्याचे माझे जुने शेजारी दगडूनाना यांनी जन्मभर घड्याळं दुरुस्त केली. त्यांना व्हिडिओ कॉलवर दाखवलं. ते हसलेच.

"आबा, साडेतीन झाले अन् तुमचा तासकाटा तीनवरच झोपला का? मिनिटामिनिटाला सरकला पाहिजे तो!"

मग रोज सकाळी फोन. कोड त्यांना कळत नव्हता. काटा कळत होता. दोन महिने ते चुका काढत, मी दुरुस्त करत असे. खरं सांगू? दिवसभरात माझ्याशी बोलणारा तेवढाच एक माणूस होता. शेवटी घड्याळाखाली मीच ओळ घातली – 'शिकवणारे : दगडूनाना, धुळे'. ती त्यांनी दोनदा मोठ्यानं वाचली. कधी या घड्याळाचा समारंभ झालाच तर या, असंही मीच म्हणालो होतो.

आमच्या ज्येष्ठ नागरिक संघानं सत्कार ठरवला. सचिवांनी विचारलं, "एकट्यानं केलं ना सगळं?" – मी हो म्हणालो. का म्हणालो? शालीसाठी? चार टाळ्यांसाठी? मग ती ओळ मला उघडं पाडेल म्हणून – मी ती पुसली.

बोलावल्याप्रमाणे नाना एसटीनं आले. इस्त्रीचा सदरा घालून. पडद्यावर घड्याळ मोठं दिसलं, तेव्हा ते चष्मा पुसून पुसून खालच्या कडेला बघत राहिले. आणि मी माइकवर म्हणालो, कोणाची मदत घेतली नाही.

जाताना त्यांनी माझा हात धरला. "घड्याय बठ्ठं बराबर शे, आबा." घड्याळ सगळं बरोबर आहे, एवढंच अहिराणीत बोलले; जेवायला थांबले नाहीत. पुन्हा फोन आला नाही. मी तरी कुठे केला?

वर्षानं कळलं, ते अंथरुणाला खिळलेत. धुळ्याला गेलो. ती शेवटची भेट. महिन्याभरात ते गेले. वाक्य मी बसमध्ये घोकलं होतं – नाना, तुमचं नाव मी पुसलं, मला माफ करा. सुनेनं चहा आणून दिला. नानांनी मान वळवली, कशाला आलात असं अहिराणीतच विचारलं.

"का बरं उनात, आबा?"

"सहज," मी म्हणालो. "इकडे जरा काम होतं."