ज्ञानाचा मासा आणि आमचे फिटरकाका

आमच्या फिटरकाकांइतका उत्साही माणूस अख्ख्या सौदी अरेबियात दुसरा नसेल, हे मी शपथेवर सांगायला तयार आहे. रास अल खैरच्या कॅम्पात आम्ही तीन वर्षं एका खोलीत राहिलो. ते गुहागरकडचे पाइप फिटर, वय पंचावन्न, मी वेल्डर. त्यांच्या साइटवर एक म्हातारा आयरिश सुपरवायझर होता. तो चहाच्या सुट्टीत आपल्या मुलखातल्या, जुन्या केल्टिक लोकांच्या दंतकथा सांगायचा आणि काका आपल्या मोडक्यातोडक्या इंग्रजीतून त्या पिऊन यायचे. त्या कथांत प्रत्येक जनावराला काही अर्थ असतो हे कळल्यापासून काकांना साधं जनावर दिसेनासंच झालं. पाइपांवर कावळा बसला की आम्हा कोकणातल्या माणसांना पितर आठवायचे, काका हेल्मेट काढून म्हणायचे, "अरे, ही त्यांची रणदेवी! कावळीच्या रूपात रणांगणावर घिरट्या घालते. बाई, आज लढाई नाही हो, नुसता दुरुस्तीचा शटडाउन आहे!" रानडुक्कर हे तिकडे शौर्याचं चिन्ह, हे कळलं त्याच दिवशी त्यांनी पंजाबी फोरमनला सगळ्यांदेखत मोठ्या प्रेमाने सांगितलं, "साब, आप एकदम जंगली सूअर है!" पुढचा आठवडाभर काकांची ड्यूटी टाकीच्या माथ्यावर, ऐन उन्हात. तिथूनही ते खुशीतच उतरायचे. "चिडला कसा, पाहिलंस? अस्सल!"

मग माझी वेल्डिंगची परीक्षा आली. एकदा नापास झालो होतो. घाई हा माझा जुना रोग. पुन्हा नापास झालो तर इकामा, म्हणजे इथे राहायचा परवाना, खलास, घरी रवानगी, आणि गावी बहिणीचं लग्न ठरलेलं. मला जेवण जाईना. आदल्या दिवशी काका जुबैलच्या बाजारातून चक्क सॅमन मासा घेऊन आले.

"ज्ञानाच्या विहिरीत फळं पडतात, ती हा खातो. म्हणून सगळं ज्ञान याच्या पोटात! एका गुरूने हा पकडला नि शिष्याला भाजायला दिला. शिष्याचा अंगठा पोळला, त्याने तो तोंडात घातला, आणि ज्ञान मिळालं त्यालाच! तू तळ. मी गुरू होऊन बसतो."

मी निमूटपणे तळायला लागलो. तेल उडालं आणि उजव्या अंगठ्यावर टपोरा फोड आला.

"घाल तोंडात!" काका पलंगावर उभे राहून ओरडले. "आलं का काही?"

"काका, उद्या याच हाताने वेल्डिंग करायचंय!"

त्यांचा चेहरा असा काही पडला की मलाच त्यांची समजूत काढावी लागली.

परीक्षेत अंगठा ठणकत होता. हात भराभर चालवला की कळ मस्तकात जायची, म्हणून आयुष्यात पहिल्यांदा मी सावकाश जोड भरला. जोडाचा एक्स-रे स्वच्छ निघाला, मी पास! मी कारण सांगायला गेलो, पण काका ऐकतात कसले! त्यांनी मला कवेत घेऊन उचललं आणि शेजारच्या सगळ्या खोल्यांची दारं ठोठावली, "मासा लागू पडला!"

मागच्या वर्षी काका कायमचे गावी गेले. परवा साइटवरून परतताना मी बसमधून त्यांना फोन केला. आधी गुडघ्याचं बोलले, मग माडांचं. आवाज विझल्यासारखा. शेवटी म्हणाले, "इथे कुणाला वेळ नाही रे. नातवंडांना गोष्ट सांगायला गेलो तर 'आजोबा, नंतर' म्हणतात."

"मला सांगा."

"चार भावंडांचे हंस झाले, ती ऐकलीस?" त्यांचा आवाज एकदम चढला.

ती मी दहा वेळा ऐकली होती. "नाही," मी म्हणालो.

कॅम्प आला, बस रिकामी झाली. ड्रायव्हरने दोनदा "यल्ला", चला उतरा, म्हणून पाहिलं. मी फोन कानाशी धरून तसाच बसून राहिलो.