रोहिदासचा भुताचा पिच्चर

दुपारी तीनचा सुमार. दुकानाचं शटर अर्धं ओढून मी गल्ल्यामागे डुलकी काढत होतो, तेवढ्यात डोंगरातल्या तळेघरहून फोन आला. नंबर रोहिदासचा, आवाज परक्या माणसाचा. "पावणं, तुमच्या शूटिंगवाल्या भाऊंना जरा बरं वाटंना झालंय..." जरा म्हणजे किती, ते त्या आवाजातच कळलं. लग्नाच्या मांडवात, कॅमेरा खांद्यावर असतानाच तो खाली बसला होता. जीप मिळून घाटरस्ता उतरेपर्यंत सगळं आटोपलं. मंचरात हे झालं असतं तर दवाखाना पाच मिनिटांवर होता. मंचर सोडून इतक्या लांबची लग्नं तो का घ्यायचा, याचं उत्तर माझ्यापाशी आहे. सव्वा महिना झाला, मला नीट झोप नाही.

आमच्या भागात अजून म्हणतात, रोहिदासनं पिच्चरपायी बायकोला वाघाच्या तोंडी दिलं. बिबट्याला आमच्याकडे वाघच म्हणतात. तर हे अर्धंच खरं आहे. उरलेलं अर्धं सांगायला मी इतका वेळ लावला की तोवर ऐकायला तो राहिला नाही.

आम्ही मूळचे मारवाडातले, पण चार पिढ्या मंचरात विजेचं सामान विकतोय. रोहिदास निरगुडसरचा. माझ्या दुकानामागच्या खोलीत त्याचा स्टुडिओ होता. आमच्या घरी दिवस मावळायच्या आत जेवणं, नंतर बाहेर पडायची सोय नाही, त्यामुळे भुताचे सगळे सिनेमे मी भर दुपारी पाहिले, दुकान बंद असायचं तेव्हा, खिडकीला गोणपाट लावून. कुठकुठल्या देशांतले, कुणी नाव न ऐकलेले सिनेमे तो मिळवायचा. भाषा त्यालाही कळायची नाही आणि मलाही नाही. भुताच्या मनगटावर घड्याळ, वर लोंबणारा माईक... एकदा तर मुडद्याच्या नाकावर माशी बसली आणि मुडदा शिंकला. मी हसून हसून खुर्चीवरून पडायच्या बेताला आलो, तर हा माझ्यावरच उखडला. "हसू नको शेठ. ह्याच्याकडं भूत आणायला पैसं न्हाईत, म्हणून त्यानं नुसतं दार दाखिवलं. आता तुझी नजर हलती का त्या दारावरून, खरं सांग." नव्हती हलत. दोन तास भिकार सिनेमा बघायचा आणि त्यातलं एक मिनिट असं यायचं की पाठीतून कळ जायची. त्या एका मिनिटाचं वेड वाईट असतं, हे मला तेव्हाच कळायला हवं होतं. ज्याच्याकडे पैसा नाही तो खरी विहीर वापरतो, खरी आग वापरतो, आणि नटी परवडत नाही म्हणून घरची बायको वापरतो.

मग त्यानं स्वतःचाच पिच्चर काढायला घेतला. भूत म्हणून मंदावहिनी, म्हणजे त्याची बायको, आणि आवाजाला मी. माईक दुकानातला, झाडूच्या दांड्याला बांधलेला, आवाज भरायचं मशीन माझ्या गळ्यात. आमचं एकच ठरलं होतं. हेडफोनमध्ये नको तो आवाज आला की मी हात वर करायचा, की शॉट थांबला.

त्या दिवशी साडेचारचं ऊन होतं, रात्र नंतर कॉम्प्युटरवर करायची होती. पांढऱ्या साडीत, मोकळे केस पुढे घेऊन, वहिनी उसाच्या कडेला पाठमोऱ्या उकिडव्या बसल्या. आता आमच्याकडे उसापाशी कुणी असं बसत नाही. बसलेलं माणूस वाघाला लहान जनावरासारखं दिसतं. आणि गप्प तर कुणीच राहत नाही, खोकतात, काठी आपटतात, खिशात मोबाईलवर गाणी चालू ठेवतात. रोहिदासला मात्र शांतता हवी होती. त्यानं शेजारच्या मळ्यातली मोटर बंद करायला लावली, गाणी बंद करायला लावली. मळ्यातले म्हातारबा म्हणाले, "आवाज बंद करू नगा रं, दिस बरं न्हाईत." हा म्हणाला, "धाच मिन्टं, तात्या."

कॅमेरा सुरू झाला आणि माझ्या कानात उसाचं वाळकं पाचट वाजलं. एकदा. थांबलं. पुन्हा वाजलं, जरा जवळ. वारा नव्हता. रोहिदास दहा फुटांवर, त्याला काही ऐकू येत नव्हतं, त्यानं एकदा माझ्याकडे पाहिलं. माझा हात खालीच होता. खोटं कशाला बोलू, मला वाघ सुचला होता. सुचला आणि मी तो मनातून झटकला, कारण मला वाटलं, हाच तो आवाज. भूत जवळ येतानाचा, प्लास्टिकचा कागद चुरगाळून आम्हाला वर्षभर जमला नाही तो आवाज. आणखी थोडा मिळू दे. मग श्वास ऐकू आला आणि वहिनी किंचाळल्या.

रोहिदासनं कॅमेरा स्टँडसकट त्या जनावरावर फेकला आणि मागोमाग स्वतः गेला. वाघ पळाला. वहिनींच्या खांद्याला अठरा टाके पडले. चौकशीला आलेल्या वनखात्याच्या साहेबांनी विचारलं, आधी काही आवाज आला होता का? मी तोंड उघडायच्या आत रोहिदास म्हणाला, "न्हाई साहेब. काईच न्हाई." आणि मी मूग गिळून बसलो. मेहुण्यांनी त्याला चारचौघांत मारलं, वहिनींना वर्षभर माहेरी ठेवलं, तेव्हाही बसलो. जवळपासच्या गावांनी त्याला लग्नाला बोलवायचं सोडलं. लोणीच्या एका घरानं तर ठरलेलं साखरपुड्याचं शूटिंग दुसऱ्याला दिलं. मग तो डोंगराकडच्या गावांना जायला लागला.

पिच्चर त्यानं पुढे पुरा केला. तो शॉट काढून टाकणार होता, पण वहिनीच म्हणाल्या, "माझा खांदा गेलाय त्यात. ऱ्हाऊ द्या." नेटवर टाकल्यावर खाली लोकांनी लिहिलं, बाकी ठीक, पण उसातल्या शॉटला आवाजच नाही राव. मी विचारलं तर म्हणाला, "तुझं मशीन बंद पडलं व्हतं, शेठ." मला इतकं हायसं वाटलं की त्याची आज लाज वाटते.

गेल्या आठवड्यात वहिनींनी मला स्टुडिओच्या खोलीत बोलावलं. कॉम्प्युटरवर त्याचे फोटो कुठे आहेत ते शोधून हवे होते. शोधता शोधता एका फाईलला 'ऊस' असं नाव दिसलं, आणि मी काही करायच्या आत वहिनींनी ती उघडली.

मशीन बंद पडलंच नव्हतं. बावीस सेकंद पाचट वाजतंय, थांबतंय, जवळ येतंय. ते त्यानं ऐकलं होतं, पिच्चरमधून पुसून टाकलं होतं, आणि दहा वर्षं रोज माझ्या दुकानातून चहा पिऊन गेला होता. पाचटानंतर वहिनींची किंकाळी, आणि लगेच रोहिदासची हाक, "मंदेऽऽ". मला वाचवायला आवाज पुसला, त्यात ही हाकही गेली. ती ऐकली असती तर गावानं त्याला तसा बोल लावला नसता.

वहिनी स्क्रीनकडेच बघत होत्या. "भाऊजी, हे तवा तुमच्या कानात वाजत व्हतं?"

"हो."

"सगळं?"

"सगळं."

मी पाय धरायला वाकलो तर त्यांनी पाय मागे घेतले. "मला सांगून काय उपेग? गावाला सांगा," म्हणाल्या. "त्यांनी मरेस्तोवर गावाचं ऐकून घेतलं." मग वहिनींनी हेडफोन कानाला लावला, माउस हातात घेतला आणि ती फाईल मागे नेली, पाचट सोडून, थेट हाकेपाशी.

"त्यांनी मला नावानं कंदी हाक मारली नव्हती," त्या म्हणाल्या.

मी खोलीबाहेर पडलो तेव्हा त्या ती तिसऱ्यांदा ऐकत होत्या.