भरतीवहिनी

डोंबिवलीत राहून रोज समुद्राच्या भरतीची वेळ सांगणारी बाई मी दुसरी पाहिली नाही. सकाळी केर काढून झाला की आमच्या शेजारच्या वहिनी दाराच्या चौकटीला टेकून उभ्या राहायच्या आणि समोर जो कोणी असेल त्याला सांगायच्या, "आज पावणेचारला भरती." ऐकणाऱ्याचं दूध उतू चाललेलं असायचं, नाहीतर विहिरीवर नंबर लागलेला असायचा. समुद्र आमच्यापासून कोसच्या कोस दूर. तरी वहिनींनी एक दिवस चुकवला नाही. मी लग्न होऊन तिथे राहायला आले, त्याच्या आधीच त्यांचं नाव भरतीवहिनी पडलं होतं. ते त्यांना ठाऊक होतं आणि आवडतही होतं.

त्यांचं माहेर अलिबागेच्या खाली, समुद्राला लागून असलेल्या एका लहानशा गावात. घराच्या मागे नारळी-पोफळीची वाडी, वाडीच्या मागे केवड्याचं बन आणि पुढे पाणी. मला त्यांनी पहिल्याच महिन्यात हिशेब शिकवला. "अगो सुमे, आजची तिथी घे आणि तिची पाऊणपट कर. चतुर्थी असली तर किती? तीन. म्हणजे तीनला भरती, दुपारीही आणि पहाटेही. मध्ये सहा तासांनी ओहोटी. एवढं सोपं आहे." मी म्हटलं, "वहिनी, मला हे कळून करायचंय काय?" त्यावर त्या म्हणाल्या, "करायचं काही नाही गो. आपलं माणूस आत्ता काय करत असेल, ते कळतं." त्यांना आईवडील उरले नव्हते, मूलबाळ झालं नव्हतं. समुद्राला त्या आपलं माणूस म्हणत, आणि मला तेव्हा त्याचं हसू यायचं. आता येत नाही.

त्यांचे यजमान, त्यांना सगळे भाऊ म्हणत, पक्के देशावरचे. लढाईच्या काळात लष्कराच्या मोटारी हाकून आलेले आणि नंतर ठाकुर्लीला रेल्वेच्या नोकरीत चिकटलेले. त्यांना रस्ते पाठ होते. कुठला घाट किती वळणांचा, कुठल्या नाल्यावर मोरी आहे, हे झोपेतून उठवून विचारलं तरी सांगत. पाण्याचं मात्र काही कळत नसे. नवराबायकोत कामाची वाटणीच झाली होती. भाऊ म्हणत, "रस्त्याचं मला विचारा, पाण्याचं हिला."

वहिनींच्या हृदयाची झडप लहानपणीच्या तापात बिघडली होती. भरलेली बादली उचलायची त्यांना बंदी होती. पाणी आम्ही शेजारणी भरून देत असू. बोलता बोलता वाक्याच्या मध्येच त्या थांबत, हाताने "थांब" अशी खूण करत आणि दम आला की तिथूनच पुढे बोलत. माहेरच्या गावी जायचं म्हणजे मोटारगाडी, होडी, मग बैलगाडी, असे तीन-चार ठिकाणी चढउतार. ते त्यांना झेपणारं नव्हतं. आठ वर्षं त्या गेल्या नव्हत्या. भाऊ दर दिवाळीला म्हणत, "एकदा तुला दारापासून दारापर्यंत मोटारने नेतो." वहिनी हसत आणि विषय बदलत.

आणि एका हिवाळ्यात खरंच मोटार मिळाली. कल्याणच्या एका डॉक्टरांची जुनी गाडी रस्त्यात बंद पडली की भाऊच ती चालू करून देत. डॉक्टर ती गाडी विकणार होते. गिऱ्हाईक ठरलं होतं. शेवटचा एक रविवार त्यांनी भाऊंना दिला: सकाळी सातला किल्ली घ्यायची, दिवेलागणीला परत करायची. वाटेतल्या खाडीवर तेव्हा पूल नव्हता. दोन होड्यांची सांगड बांधून तिच्यावर मोटार चढवत आणि पलीकडे नेत. पलीकडे गेलं की तासाभरात गाव. सगळा रस्ता समुद्राच्या काठाकाठाने, नारळीच्या सावलीतून, असं वहिनी सांगत.

शनिवारी संध्याकाळी मी दशम्या करायला त्यांच्याकडे गेले. भाऊ अंगणात बसून गाडीत घालायच्या उशीला अभ्रा चढवत होते आणि शीळ घालत होते. भाऊंना शीळ येते हे मला त्या दिवशी कळलं. त्यांनी आतल्या बाजूला हाक मारून विचारलं, "अगं, उद्या तुझी भरती कधी आहे?" वहिनी पोळपाटावरून मान वर न करता म्हणाल्या, "अकराला. आपण पोचू तेव्हा खाडी काठोकाठ भरलेली असेल." भाऊ खूश झाले. मीही झाले.

दुसऱ्या दिवशी ते गेल्यावर, दुपारी, माझी नजर सहज पंचांगावर गेली. अष्टमी होती. आठाची पाऊणपट सहा. भरती पहाटे सहाला, ओहोटी बाराला. मला वाटलं माझंच काही चुकलं, म्हणून बोटांवर पुन्हा केलं. पुन्हा सहाच आले. मग माझं जेवणात लक्ष लागेना.

पुढचं मला दोघांनीही सांगितलं. भाऊंनी शंभर वेळा, वहिनींनी एकदा. पनवेलपर्यंत गाडी छान पळाली. वहिनी खिडकीशी बसून प्रत्येक मिठागर, प्रत्येक ओहळ दाखवत होत्या. पेणच्या अलीकडे मागचं चाक पंक्चर झालं. टायर झिजून गोटा झाला होता, ते भाऊंनी सकाळीच पाहिलं होतं आणि "आज चालेल" म्हणून सोडून दिलं होतं. पंक्चर काढण्यात तास गेला. खाडीवर पोचले तेव्हा साडेअकरा होऊन गेले होते. समोर पाणी नव्हतंच. इथून तिथून चिखल, आणि काठावर कलंडलेली सांगड. सांगड चालवणारा तांडेल म्हणाला, "उशीर केलाव साहेब. पानी उतरला. आता सांजेशिवाय गाडी चढायची नाय."

भाऊंनी वहिनींकडे पाहिलं. "तू अकरा म्हणाली होतीस."

"एका तिथीने चुकले हो," वहिनी म्हणाल्या. "पाऊण तासाचा फरक पडला."

पाण्याचं हिलाच कळतं, म्हणून भाऊंनी ते मानलं. पंक्चर नसतं तर पोचलो असतो, हे त्यांच्या मनात त्याच क्षणी रुतलं. तीनपर्यंत दोघं तिथेच एका आंब्याखाली बसली. दशम्या खाल्ल्या. वहिनींनी त्यांना पाऊणपटीचा हिशेब शिकवला, त्या दिवशीची तिथी मात्र सांगितली नाही. लग्नाला इतकी वर्षं होऊन त्यांनी तो कधी शिकून घेतला नव्हता. वारा पश्चिमेचा होता. खाडीच्या तोंडाकडून खारा वास येत होता. वहिनींनी पदर डोक्यावरून काढला आणि केस मोकळे सोडले, एवढं भाऊ नेहमी सांगत आणि तिथेच थांबत.

चार दिवसांनी त्यांना एकटं गाठून मी विचारलं, "वहिनी, त्या रविवारी अष्टमी होती. तुम्ही चुकणं शक्य नाही."

त्यांनी हाताने थांबण्याची खूण केली. दम आल्यावर म्हणाल्या, "शनिवारी सांगितलं असतं तर ते म्हणाले असते, राहू दे, पुढल्या रविवारी बघू. पुढचा रविवार मला कुणी दिलाय गो? आणि ते शीळ घालत होते, ऐकलंस ना? मला त्या गाडीत त्यांच्या शेजारी बसायचं होतं. जिथपर्यंत जाईल तिथपर्यंत. वास तर आला." मग माझा हात धरला. "त्यांना सांगू नकोस. थोडक्यात हुकलं, असंच वाटू दे." मी मान डोलावली.

फाल्गुनात त्या गेल्या. इस्पितळात न्यायलाही वेळ मिळाला नाही.

वहिनींची समजूत चुकली, हे मी आज स्पष्टच म्हणते. थोडक्यात हुकलं, यानेच भाऊंना पोखरलं. भेटायला येणाऱ्या प्रत्येकाला ते टायरची गोष्ट सांगत. "सकाळी पाहिला होता हो मी. डोळ्यांनी पाहिला होता." ज्या माणसाचा रस्त्यावर हात धरणारा कोणी नव्हता, त्याने पुन्हा मोटारीच्या चाकाला हात लावला नाही. त्यांच्या दारावरून जाताना मला चोरट्यासारखं वाटायचं. वचन मी वहिनींना दिलं होतं आणि शिक्षा भाऊ भोगत होते.

दोन वर्षांनी त्यांची भुसावळला बदली झाली. सामान बांधून झालं होतं. मी चहा घेऊन गेले. भाऊ वळकटीवर बसले होते. रिकाम्या भिंतीकडे बघत म्हणाले, "पाऊण तास. तेवढ्यासाठी तिला घर दिसलं नाही."

माझ्याने राहवलं नाही. मी म्हटलं, "भाऊ, त्या दिवशी अष्टमी होती."

त्यांनी माझ्याकडे पाहिलं. मग बोटांची पेरं मोजली. "सहा," ते म्हणाले. "म्हणजे बाराला..."

"पूर्ण ओहोटी. पंक्चर नसतं तरी साडेदहा वाजले असते. तेव्हाही सांगड चालली नसती."

"तिला ठाऊक होतं?"

"होतं."

"मग बोलली का नाही?"

मी वहिनींचे शब्द जसेच्या तसे सांगितले, शिळेसकट. भाऊंनी चहा खाली ठेवला. मग उठून आतल्या खोलीत गेले आणि दार लावून घेतलं. टांगा आला तेव्हा बाहेर आले, मला नुसता नमस्कार केला आणि गेले. मी त्यांचं ओझं हलकं केलं की दुसरं नवं चढवलं, हे मला कळलं नाही. वचन मात्र मोडलं. रात्री माझ्या यजमानांना सांगितलं आणि खूप रडले.

त्यानंतर चार महिने काही खबर नव्हती. मग भुसावळहून एक कार्ड आलं. खुशाली नाही, सही नाही. भाऊंच्या मोठ्या, वाकड्या अक्षरात एकच ओळ होती: "आज दशमी. साडेसातला भरती."

मी पंचांग काढून पाहिलं. बरोबर होतं.