हेडफोन जोडलेला आहे

वडिलांचा आवाज माझ्या लॅपटॉपमध्ये होता. तंबाखू-सुपारीच्या खर्ऱ्याने त्यांचा घसा खाल्ला. जीव वाचेल, पण आवाज राहणार नाही, असं नागपूरच्या डॉक्टरांनी सांगितलं, तेव्हा ऑपरेशनच्या आधी मी ओसरीवर बसवून त्यांचं थोडं बोलणं टेप करून ठेवलं. आमचं गाव चिमूरकडचं, तलावाकाठचं. वडील जन्मभर तलावात जाळं टाकत आले आणि जन्मभर बोलत आले. ऑपरेशननंतर ते हाताने बोलू लागले. "लावू का?" असं मी दोनदा विचारलं, दोन्ही वेळा त्यांनी हात हलवून नको म्हटलं. आईसमोर तर विषयच काढायचा नाही, असा अलिखित नियम झाला.

दसऱ्याच्या आदल्या दिवशी मी लॅपटॉपवर लिनक्स टाकलं. जुनी सिस्टीम व्हायरसने पोखरली होती आणि मासिकासोबत आलेली लिनक्सची सीडी माझ्याकडे पडून होती. मी शाळेत मास्तर, त्यामुळे गावात आपोआपच कॉम्प्युटरचा जाणकार. आवाजाची फाइल आधी सीडीवर उतरवली, मग सगळं पुसलं. स्क्रीन उजळला, कीबोर्ड चालला. वायफाय पकडेना, पण आमच्या गावात पकडायला वायफाय होतं कुठे? मी खुशीत झोपलो. आवाज येतो का, हे बघितलंच नाही.

दसऱ्याला वडील हत्यारांची पूजा मांडायचे. जाळं, वल्हं, कोयता, विळा. त्या वर्षी त्यांनी लॅपटॉपही त्याच ओळीत ठेवायला लावला. हळदकुंकू लावलं, हळदीच्या अक्षता मूठभर टाकल्या, आणि पूजा झाल्यावर पहिल्यांदाच स्वतःच्या कानाकडे बोट केलं. लाव म्हणे.

मी फाइल लावली. स्क्रीनवरची रेघ सरकत राहिली, आवाज मात्र नाही. त्यांनी जरा वेळ वाट पाहिली, मग आपल्या गळ्याला हात लावला आणि हसले. ते हसणं मला बघवलं नाही.

मग मी लिनक्सच्या मागे हात धुऊन लागलो. शाळा सुटली की एसटीने चिमूरचं सायबर कॅफे गाठायचं, लोकांनी इंटरनेटवर लिहिलेले उपाय छापून आणायचे, घरी येऊन एकेक कमांड मारायची. आवाजाच्या सगळ्या पट्ट्या वरपर्यंत चढवल्या. लिनक्स पुन्हा टाकून पाहिलं. साउंड कार्ड सापडत होतं, तक्रार कसलीच नव्हती. फक्त एका कमांडला दर वेळी एकच उत्तर यायचं: हेडफोन जोडलेला आहे.

आमच्या घरात हेडफोन नव्हताच. मी माझ्या मोडक्या इंग्रजीत इंटरनेटवर लिहून टाकलं की तुमचं लिनक्स खोटं बोलतं. कुठल्याशा देशातल्या एका भल्या माणसाने नम्रपणे विचारलं, हेडफोनच्या भोकात काहीच नाही, याची खात्री आहे ना? मला इतका राग आला की उत्तरही दिलं नाही.

त्याच दिवसांत वडिलांनी एकदा लॅपटॉप उचलून कुतूहलाने उलटापालटा करून पाहिला. मी ओरडलो, "हात नका लावू बाबा, तुम्हाले काय समजते त्यातलं?" त्यांनी गुपचूप खाली ठेवला. ज्याला उलट बोलता येत नाही, अशा माणसावर मी ओरडलो होतो. त्याची लाज आजही वाटते.

दिवाळीच्या तोंडावर एका रविवारी शेजाऱ्याचा इअरफोन मागून आणला. म्हटलं, त्यात तरी येतो का बघू. पिन अर्धी गेली आणि अडकली. टॉर्च मारून पाहिलं तर आत काहीतरी पिवळं. मी बघतच राहिलो. वडिलांनी हात पुढे केला. मी मशीन बंद केली, बॅटरी काढली आणि निमूटपणे त्यांच्या मांडीवर दिली. त्यांनी मासे धरायचा बारका गळ सरळ केला, आत घातला आणि दोन प्रयत्नांत तांदळाचा एक पिवळा दाणा बाहेर काढला.

दाणा तळहातावर घेऊन त्यांनी आधी त्याच्याकडे पाहिलं, मग माझ्याकडे. आणि दोन्ही कान धरले. खरं तर कान मी धरायला हवे होते, त्यांच्यापुढेही आणि लिनक्सपुढेही.

बॅटरी बसवली, मशीन सुरू केली, फाइल लावली. खरखर झाली आणि ओसरीवर वडील बोलू लागले. "काय बोलू? मले काई सुचून नाई राह्यलं. सकाळपासून पोटात काई नाई. अवो, भूक लागली! भात वाढशीन का?"

"वाढतो ना जी, थांबा जरासे," आत स्वयंपाकघरातून आई म्हणाली.

मग भांड्यांचा आवाज थांबला. आई दारात आली, हातात पळी तशीच. वडील तिच्याकडे बघत होते, मिटल्या तोंडाने. जेवायची वेळ झाली नव्हती, सकाळचे नऊ वाजले होते. आई आत गेली आणि तिने त्यांचं ताट वाढून आणलं.