उष्टी हवा

आमच्याकडे व्याह्याला इवाई म्हणतात, आणि इवायाचा मान म्हणजे काय चीज असते, ते ज्यानं पोरगी दिली त्यालाच विचारावं. माझी एकुलती एक देऊळघाटात दिली. तिच्या सासऱ्यांचा धंदा विहिरीत पडलेल्या, गाळात रुतलेल्या पाणी उपसायच्या मोटारी काढून द्यायचा. मी अर्धं आयुष्य समुद्रकाठी काढलं, पाठीला हवेची टाकी बांधून, बंदराच्या कामांवर पाण्याखाली. गुडघे कुरकुरायला लागले तसा बुलढाण्याला परत आलो, आणि इवायांनी मला बरोबर हेरलं.

"घरी बसून काय माशा मारता, इवाई? चाला माह्यासंगं."

पोरीच्या सासऱ्याला नाही म्हणणारा बाप अजून जन्मायचाय. मी माझे टाकी-नळ्यांचे दोन जुने सेट काढले आणि त्यांना शिकवायला लागलो. शिकले झकास. दम खोल, डोकं शांत, पाण्याची भीती कशाशी खातात हेच ठाऊक नाही. फक्त एका गोष्टीवर आमचं कधी जमलं नाही. ती म्हणजे जादाची नळी.

टाकीच्या तोंडाशी एक ठोकळा असतो. त्यातून एक नळी आपल्या तोंडातल्या रेग्युलेटरला जाते, ज्यातून आपण श्वास घेतो. दुसरी जाते जादाच्या रेग्युलेटरला. खाली जोडीदाराची हवा गेली, तर आपल्या टाकीतून त्यालाही श्वास मिळावा, एवढ्यासाठी तो जादाचा. माझी रीत अशी, की तोंडातल्याची नळी लांब ठेवायची. उजव्या काखेखालून काढून छातीवरून, मानेमागून फिरवून तोंडाशी आणायची. जादाचा मात्र आखूड नळीवर, रबराच्या फासात अडकवून आपल्याच हनुवटीखाली. जोडीदार अडचणीत आला, की तोंडातला काढून त्याला द्यायचा. कारण तो चालू आहे याची खात्री असते. आपण मान खाली घालून गळ्यातला धरायचा. बस.

हे मी त्यांच्या अंगणात, शेवग्याखालच्या बाजेवर नळ्या पसरून समजावत होतो. जेवणं झालेली. उन्हाची गुंगी. ठोकळा टाकीवर चढवला की नळ्यांत हवा भरताना एक फुस्स आवाज होतो, आणि मऊ पडलेल्या नळ्या हळूच ताठ होतात. तो आवाज ऐकला की मला अजूनही डोळ्यांवर झापड येते, कान भरल्यासारखे होतात, आणि बसल्या जागी आपण पाण्याखाली आहोत असं वाटतं. इवाई मात्र टक्क जागे.

"म्हंजे माह्या तोंडातलं उष्टं तुमाले देऊ?"

"हो."

"काहीतरीच काय बोलता! पोरगी देनाऱ्या मानसाले उष्टं देऊ? चार लोक काय म्हनतीन?"

"अहो, तिथं खाली चार लोक कुठून येतील? बेडकं म्हणतील काय ते!"

"बेडकं तं बेडकं. मले तं समजते ना."

त्यांचं ठरलेलं. नवा कोरा पिवळा रेग्युलेटर छातीवर लटकवायचा, तो पाहुण्याचा. आणि पाहुण्याच्या वस्तूला गाळ लागू नये म्हणून त्याला स्वच्छ प्लॅस्टिकची पिशवी घालायची, वर मोटारीच्या केबलची काळी चिकटपट्टी गुंडाळायची. आता बोला! आमच्याकडं टीव्हीचा रिमोट पिशवीत, नव्या गाडीची सीट पिशवीत, पाहुण्यांचे कप कपाटात. त्याच हिशेबानं पाहुण्याचा श्वासही पिशवीत. मी चिडून पट्टी सोडायचो. म्हणायचो, "इवाई, हे फराळाचं ताट नाही, झाकून ठेवायला." ते हसायचे आणि माझी पाठ वळली की पुन्हा बांधायचे. माझा आवाज चढला की आतून पोरगी चहा घेऊन यायची, आणि माझा आवाज आपोआप उतरायचा.

दिवाळी झाल्यावर एक काम आलं. गावाबाहेरची जुनी, दगडानं बांधलेली पायऱ्यांची विहीर, काठोकाठ भरलेली. मोटार तळाशी, दोर तुटून कपारीत अडकलेली. वर तीन लाकडांच्या तिकाटण्याला चेनपुली लावून जावईबापू उभे. आम्ही दोघं उतरलो.

विहिरीत उतरणं मला कायम झोपेत उतरल्यासारखं वाटतं. काठावरचे आवाज वरच राहतात. माणसाचं वजनही वरच राहतं. हिरवं पाणी हळूहळू गडद होत जातं, उंबराची मुळं दगडांतून बाहेर येऊन केसांसारखी हलत असतात, आणि वर पाहावं तर आभाळ ताटलीएवढं. आपला श्वास बुडबुडे होऊन त्या ताटलीकडे निघालेला असतो. कुणाची शेती, कुणाची मोटार, काही आठवत नाही. समुद्रात मला इतकं शांत कधी वाटलं नाही. समुद्र सगळ्यांचा असतो. विहिरीत माणूस कुणाच्या तरी घरात आल्यासारखा असतो. माझे इवाई समोर तरंगत होते, मिशांतून बुडबुडे निघत होते, आणि मला गंमत वाटत होती, की दोन इवाई, म्हातारपणाला टेकलेले, असे जमिनीच्या पोटात उडत फिरताहेत.

मोटारीला साखळी बांधली. गुंतलेला दोर कापला, तो चाकूसकट पिशवीत घालून वर पाठवला. खुणेचा दोर हलवला. जावईबापूंनी साखळी ओढायला सुरुवात केली, मोटार कपारीतून सुटली आणि एकदम झोका घेऊन माझ्याकडे आली. मी बाजूला झालो, पण माझी नळी तिच्या आणि दगडाच्या मध्ये सापडली आणि फाटली.

पांढरा धुरळा उडावा तशी हवा उसळली. टाकी बघता बघता रिकामी होत होती. माझ्या गळ्यातला जादाचाही त्याच टाकीवर. आडात नाही तर पोहऱ्यात कुठून येणार! एक अर्धा श्वास मिळाला, पुढचा आलाच नाही.

मी इवायांना खूण केली, गळ्यावरून हात फिरवला. ते तत्काळ आले, आणि त्यांनी छातीवरचा पिवळा पुढं केला. पिशवीसकट. आम्ही दोघांनी बोटांनी पट्टी शोधली. पाण्यानं पिशवी रेग्युलेटरला चिकटलेली, गाळानं काही दिसेना, पट्टीचं टोक सापडेना. नखं लावली, ओढलं, पिळलं. प्लॅस्टिक ताणलं जायचं, फाटायचं नाही. चाकू तर आधीच वर गेलेला.

मला राग यायला हवा होता. आयुष्यभर क्षुल्लक गोष्टींवर संतापलेला माणूस मी. पण छातीत आग पेटलेली असताना डोक्यात मात्र एक विचित्र गोडवा पसरत होता. हिरवा उजेड फार सुंदर दिसत होता. मुळं हलत होती. पोरगी लहानपणी पाळण्यात झोपायची तेव्हा खोलीत असाच उजेड असायचा, असं काहीतरी मनात आलं. मी वर पोचू शकलो असतो का, माहीत नाही. हातपाय हलवावेसे वाटत नव्हते. मरण इतकं मऊ असतं, हे मला समुद्रानं कधी सांगितलं नव्हतं.

मग इवायांनी पिवळा सोडून दिला. माझी मान मागून धरली, स्वतःच्या तोंडातला रेग्युलेटर काढला आणि माझ्या दातांत कोंबला.

हवा आली. तंबाखूची, चुन्याची, गरम, उष्टी हवा. तिच्याइतकं गोड मी काही खाल्लेलं नाही.

आता ते हवेशिवाय होते. मी दोन श्वास घेतले, त्यांना परत दिला. त्यांनी दोन घेतले, मला दिला. त्यांची ती नळी आखूड, त्यामुळं लांब व्हायची सोयच नाही. कपाळाला कपाळ लागलेलं, एकमेकांचे खांदे धरलेले, असे आम्ही हळूहळू वर येत राहिलो. काचेमागं त्यांचे डोळे इतके जवळ होते, की मला त्यांत दुसरं काही दिसतच नव्हतं. इतकी वर्षं मांडीला मांडी लावून जेवलो, पण त्या माणसाचे डोळे पिंगट आहेत हे मला तेव्हा कळलं. वरचं आभाळ ताटलीचं परातीएवढं झालं, मग एकदम फुटलं, आणि उन्हाचा, पक्ष्यांचा, जावईबापूंच्या हाकांचा गलका कानांवर कोसळला.

आम्ही पायऱ्यांवर बसलो. जावईबापू "काय झालं? काय झालं?" करत होते. इवायांनी माझं मनगट धरलं होतं ते सोडलं नव्हतं. मी म्हणालो, "इवाई, झालं. सुटलो. बसा निवांत."

लग्न झाल्यापासून ते माझ्याशी बोलताना कायम "तुमची पोरगी" म्हणत आलेले. तुमची पोरगी भाकरी चांगली करते, तुमच्या पोरीले ताप आहे, तुमची पोरगी फार हसते. आदबीनंच म्हणायचे, पण मला ते प्रत्येक वेळी थोडं टोचायचं. अजून परकीच आहे का ही या घरात, असं वाटायचं.

त्यांनी माझ्याकडे पाहिलं, ओठ हलले, आणि एवढा मोठा मिशाळ माणूस विहिरीच्या पायरीवर लहान पोरासारखा रडायला लागला.

"माही पोरगी बिनबापाची केली असती ना मी, इवाई!"

मग मलाही आवरलं नाही.