पाण्याचा थेंब नसलेलं सरबत

आमच्याकडे लिंबाचं सरबत म्हणजे लिंबू, साखर, मीठ आणि माठातलं पाणी. गावच्या जत्रेला चाळीस-पन्नास पाहुणे येतात, मोठं पातेलं भरून सरबत होतं आणि दुपारपर्यंत तळाशी नुसत्या बिया उरतात. त्यात कुणाला काही कमी वाटत नाही. मला वाटतं. मला कशातही काहीतरी कमी वाटतंच. हा दुर्गुण मी माहेराहून, वडगाव रासाईहून, लग्नातल्या भांड्यांबरोबरच इकडे भांडगावच्या शिवारात घेऊन आले.

गेल्या उन्हाळ्यात जत्रेच्या आठ दिवस आधी मोबाइलवर एक बाई दिसली. तिने लिंबाच्या रसात डब्यातलं घट्ट गोड दूध घातलं, पाणी आणि बर्फ टाकून मिक्सर फिरवला आणि साईसारखं दाट, फेसाळ सरबत ग्लासात ओतलं. मी तो व्हिडिओ चार वेळा पाहिला आणि ठरवलं, यंदाच्या जत्रेला हेच.

पण गोठ्यात दोन म्हशी असताना दूध डब्यातलं आणायचं, हे माझ्या अभिमानाला पटेना. मी घरचंच दूध निम्मं आटवलं, त्यात साय आणि साखर घातली, गार केलं आणि वरून चार लिंबं पिळली. पुढचं सांगायला नको. गोळे एकीकडे आणि पाणी एकीकडे. अति शहाणा त्याचा बैल रिकामा म्हणतात, माझी तर म्हैस रिकामी झाली.

सासूबाईंना मी आत्या म्हणते. त्या दारात येऊन पातेल्यात डोकावल्या.

"देवाच्या कामाच्या तोंडावर दूध नासवलंस व्हय गं?"

आत्या ओरडत नाहीत. त्या हळू बोलतात आणि ते जास्त लागतं. त्यांनी तो चोथा फडक्यात बांधून खुंटीला लावला आणि पुढचे दोन दिवस आम्ही सगळ्यांनी तो गूळ घालून खाल्ला. सासरे, म्हणजे आबा, झकास झालंय म्हणाले. आबा सगळ्यालाच झकास म्हणतात, त्यामुळे त्यांच्या कौतुकाचा मला कधी उपयोग होत नाही.

मग मी मुकाट्याने दौंडच्या बाजारातून घट्ट दुधाचे डबे आणले. त्याच दिवशी वडगावहून भावाने कलिंगडं पाठवली. भीमेकाठची, सुरी टेकवली की तडकणारी. म्हटलं, सरबतात पाणी घालून पातळच करायचं आहे, तर कलिंगडाचाच रस घालून बघू. बिया काढल्या, फोडी मिक्सरमध्ये फिरवल्या, त्यात डब्यातलं दूध, वाटीभर साय आणि शेवटी लिंबाचा रस. या वेळी फाटलं नाही. तान्ह्या बाळाच्या झबल्यासारखा फिका गुलाबी रंग आला, वर बोटभर फेस. चव घेतली आणि मी स्वयंपाकघरात एकटीच हसले. आधी आंबट लागत होतं, मग गोड, आणि शेवटी जिभेवर साय रेंगाळत होती.

पहिला ग्लास आबांना दिला. त्यांनी अर्धा प्यायला आणि विचारलं, "यात पानी किती घातलंस?"

"थेंबभरबी न्हाई, आबा. समदा कलिंगडाचा रस हाय."

"थेंबभरबी न्हाई?"

"न्हाई."

त्यांनी ग्लास खाली ठेवला. मला वाटलं, आवडलं नाही. पण ते मान वळवून विहिरीकडे बघत होते आणि मग माझ्या डोक्यात प्रकाश पडला.

आबांचे धाकटे भाऊ, आम्ही त्यांना आप्पा म्हणतो, आमच्या घरापासून पन्नास पावलांवर राहतात. मधे फक्त गोठा आहे. दोघांची विहीर सामायिक होती. तीन दिवस पाणी आबांचं, तीन दिवस आप्पांचं. अकरा वर्षांपूर्वीच्या एका कडक उन्हाळ्यात आबांचा कांदा वाळायला लागला आणि आबांनी आप्पांच्या पाळीत दोन दिवस आपली मोटार चालू ठेवली. तेवढ्यात आप्पांची नवी लावलेली डाळिंबाची रोपं गेली. चूक आबांची होती. घरात हे सगळ्यांना ठाऊक आहे, आबांनाही.

आप्पा विहिरीच्या काठावर उभे राहून चार माणसांसमोर म्हणाले, "आजपासनं तुझ्या घरच्या पान्याचा थेंब माझ्या तोंडात पडायचा न्हाई." तिथल्या तिथे भावाचा हात धरायचा, तर आबा म्हणाले, "नगं पिऊ." एवढंच. पण ते दोन शब्द आमच्या घरात अकरा वर्षं ठाण मांडून बसले.

आता दोघांचं वेगवेगळं बोअर आहे. त्या विहिरीत पारवे घरटी करतात. पण सुंभ जळाला तरी पीळ जात नाही, तसं झालं होतं.

आणि आप्पा शब्दाचे इतके पक्के, की त्यांचा राग यावा आणि हसूही यावं. जत्रेला नैवेद्याचं ताट थोरल्याच्या घरातून निघतं आणि नारळ धाकट्याने धरायचा असतो. ती रीत त्यांनी एकदाही मोडली नाही. येत, नारळ धरून देवळात जात, परत येऊन अंगणातल्या कडुलिंबाखालच्या बाजेवर बसत, पाहुण्यांची विचारपूस करत. पण चहा नको, त्यात पाणी. आमटी नको, त्यात पाणी. भाकरीसुद्धा नको, पीठ पाण्यातच मळलेलं. पेढा, खोबरं, गूळ-शेंगदाणे मात्र खुशाल खात. त्यांच्या मुलाला रांजणगावच्या कंपनीत एक स्टीलची बाटली मिळाली होती. ती घरून भरून आणत आणि आमच्या अंगणात, सगळ्या सोयऱ्यांसमोर, तिच्यातलं पाणी पीत.

लग्न होऊन आल्यापासून मी नऊ जत्रा पाहिल्या. दर वेळी त्या बाटलीचं झाकण उघडलं, की आबांना गोठ्यात काहीतरी काम निघायचं. मला दोघांचाही संताप यायचा. एकाला बोलायला तोंड नव्हतं आणि दुसऱ्याला विसरायला मन नव्हतं.

तर त्या दिवशी आबा अर्धा ग्लास समोर ठेवून म्हणाले, "त्यो हे पिईल का गं?"

मी हातातला चमचा खाली ठेवला.

"एक घोट घेतला तरी बास हाय मला," ते म्हणाले. "आमी दोघं आता किती दिसांचं?"

"आबा, राग मानू नका, पर चूक तुमची व्हती. तुम्हीच जाऊन का सांगत न्हाई?"

"दोनदा गेलो की. गोठ्यापस्तोर जातो आन् म्हशीला वैरण टाकून माघारी येतो. जीभच उचलत न्हाई."

आबांना मी इतकं लहान झालेलं कधी पाहिलं नव्हतं. मला वाईट वाटलं आणि मी उगाचच मिक्सरचं भांडं परत धुवायला घेतलं.

त्यानंतर आबांनी त्या सरबतात जे लक्ष घातलं, ते स्वतःच्या कांद्यातही कधी घातलं नसेल. बर्फ टाकायचा नाही, बर्फ म्हणजे आपलंच पाणी. म्हणून मी कलिंगडाच्या बारीक फोडी करून आदल्या दिवशीच फ्रीजरमध्ये ठेवल्या. लिंबं दुकानातली नकोत, विहिरीजवळच्या झाडाची पाहिजेत. ते झाड या दोघा भावांच्या आईने लावलेलं. आबांनी स्वतः काट्यांत हात घालून ती काढली आणि उपरण्यात भरून आणली. आप्पांसाठी ठेवलेला ग्लास मी धुतला, पुसला. तासाभराने बघते, तर आबा तो धोतराच्या सोग्याने परत पुसत बसलेले.

जत्रेच्या दिवशी सकाळपासून मिक्सरला उसंत नव्हती. अकराच्या सुमाराला पातेलं भरलं. मी चव घेतली, अगदी हवं तसं झालं होतं. तेवढ्यात पाहुण्यांची जीप आली म्हणून मी बाहेर गेले. सगळ्यांच्या पाया पडून परत आले, पुन्हा चमचाभर घेतलं, आणि दात शिवशिवले. नुसता पाक!

"आत्या, यात साखर कुणी घातली?"

"मीच. लिंबू हाय, पावण्यांला आंबट लागंल. दोन वाट्या टाकली. फिकं देऊ नये कुणाला."

"आवो, त्या डब्यातलं दूध आधीच साखरंचं आसतंय!"

"मला काय म्हाईत तुझ्या डब्यातलं."

माझ्या नाकाला मिरच्या झोंबल्या. आठ दिवसांची मेहनत, आणि दोन वाट्यांत वाटोळं. कलिंगडं संपली होती, लिंबं संपली होती. एकच उपाय होता, पाणी. मी तांब्या उचलला. दोन तांबे ओतले असते तर चव जागेवर आली असती आणि कुणाला कळलंही नसतं. आप्पांना तर नाहीच नाही. मी तांब्या हातात धरून बराच वेळ उभी राहिले. मग आबांनी तिसऱ्यांदा पुसलेला तो ग्लास मला फळीवर दिसला. मी आधी तो भरून बाजूला ठेवला, त्यात गोठवलेल्या शेवटच्या चार फोडी टाकल्या आणि मगच पाहुण्यांच्या पातेल्यात पाणी ओतलं.

बाराच्या उन्हात नैवेद्य देवळात जाऊन परत आला. आप्पा नारळ धरून अनवाणी चालून आले होते. बाजेवर टेकले तेव्हा सदरा पाठीला चिकटला होता. सगळ्यांच्या हातात ग्लास दिले आणि शेवटी त्यांच्यासमोर जाऊन उभी राहिले. आबा पलीकडे खांबाला टेकून बसले होते. या वेळी ते गोठ्यात गेले नाहीत.

"नगं सूनबाई," आप्पा म्हणाले. "तुला ठावं हाय."

"ठावं हाय म्हणूनच आणलंय. यात पान्याचा थेंब न्हाई, आप्पा."

"सरबत आन् बिनपान्याचं?"

"कलिंगडाचा रस हाय. माझ्या म्हायेरचं कलिंगड, भीमेचं पानी प्यालेलं. दूध दौंडातनं आणलेल्या डब्यातलं."

"बरफ?"

"कलिंगडाच्याच फोडी गोठवल्यात."

"ग्लास धुतला आसंलच की."

"धुतला, आन् तीनदा पुसला." कुणी पुसला, ते मी सांगितलं नाही.

आजूबाजूचे पाहुणे हसायला लागले होते. आप्पाही हसले असते, पण शब्दाचा माणूस, अजून अडत होते. "आन् लिंबू?"

"हिरीवरच्या झाडाचं. ते दोघांचं हाय."

ते ऐकून त्यांनी ग्लासाकडे नीट बघितलं. मग दोन्ही हातांनी घेतला. पहिला घोट बारीक, दुसरा मोठा. नंतर थांबलेच नाहीत. ग्लास खाली आला तेव्हा मिशीला गुलाबी फेस लागला होता. आबांनी इतका वेळ कोंडलेला श्वास सोडला, तो मला तिथवर ऐकू आला. मला वाटलं, झालं, आबांना हवा होता तो घोट मिळाला. मी रिकामा ग्लास घ्यायला हात पुढे केला.

पण आप्पा ओठ चाटत होते. पुन्हा चाटले. घशाला हात लावला. त्यांनी शेजारची बाटली उचलली, झाकण काढून तोंडावर उपडी धरली. देवळाच्या वाटेवरच ती संपली होती. त्यांनी गोठ्यापलीकडे स्वतःच्या घराकडे मान वळवली. पन्नास पावलं. मधे ऊन. ते काही वेळ तिकडेच बघत राहिले. मी तोंड बंद ठेवलं, देवाशपथ, आयुष्यात पहिल्यांदा.

"लई ग्वाड केलंयस सूनबाई," ते शेवटी म्हणाले. "वाईच पानी आण."

मी माठाकडे धावले, तांब्या बुडवला आणि वळले, तर आबा मागेच उभे.

"दे हिकडं," ते म्हणाले.

आप्पांनी बाजेवरून उतरून उकिडवं बसत ओंजळ पुढे केली. आबा धार धरायला लागले. निम्मं पाणी ओंजळीत आणि निम्मं कोपरांवरून खाली मातीत. आप्पा ओंजळीत तोंड घालून प्यायले, आणि वरून आबांचा आवाज आला, फार मोठा नाही.

"तवा मोटार लावाया नगं व्हती मी. चुकलं माझं."

आप्पा पीतच राहिले. आबा ओततच राहिले. स्वयंपाकघराच्या दारात आत्या उभ्या होत्या, पदराचा बोळा तोंडाला लावून. सदरा भिजला, पायाखाली चिखल झाला, तरी आबांची धार थांबेना. शेवटी आप्पांनी ओंजळ सोडली, ओल्या हाताने थोरल्या भावाचं मनगट धरलं आणि चेहरा वर केला.

"बास कर की दादा," ते म्हणाले. "आकरा वर्साचं आजच पाजतूस व्हय?"