चूळ भरून बोलणारा

माणूस ओळखायला मला दोन मिनिटं पुरतात. सोलापूरहून वळसंगवरून पुढं जाणाऱ्या एसटीत तो माझ्या शेजारी बसला होता. अंगाला मेंढरांचा वास, हातात काच तडकलेला मोबाईल. गावाच्या ग्रुपवर तो तोंडात तंबाखू ठेवूनच बोलत होता. "तुला काय कळतंय रं? गप बस की!" भांडखोर आहे, मी ठरवून टाकलं.

मग त्यानं शेळीपालनाचा ग्रुप उघडला. कुणाची तरी शेळी पोट फुगून पडली होती. यानं खिडकीतून तंबाखू थुंकली, बाटलीतल्या पाण्यानं चूळ भरली आणि मोबाईल तोंडाशी धरला. "रामराम दादा. शेळीला पडून राहू देऊ नका, उभी करा. डॉक्टरला बोलवा. घाबरू नका, आमी हाय."

मला राहवलं नाही. "मघाशी नाही चूळ भरलीत?"

तो हसला. "सर, तितं नुसतं भांडायचं असतंय. हितं एकाची शेळी मरायला लागलीय. त्याला एकेक शब्द नीट ऐकू जायला नको व्हय?"

माझ्या मोबाईलवर आम्हा शिक्षकांचा ग्रुप उघडा होता. तिथं आम्ही शुद्ध मराठीत एकमेकांची अक्कल काढतो. मुलांना भागाकार कसा समजवावा, असं एका नव्या शिक्षिकेनं विचारलं होतं. "आधी स्वतः शिका," एवढं मी लिहून ठेवलं होतं. पाठवायचं बाकी होतं.

वळसंगला तो उतरून गेला. मी लिहिलेलं पुसलं, पिशवीतली बाटली काढून चूळ भरली आणि नव्यानं सुरुवात केली, "नमस्कार ताई."